पंपापाशी थांबवलेली हेलन केलर

व्यवस्थेला प्रश्न विचारणाऱ्या माणसाला संपविण्याचे दोन मार्ग व्यवस्थेला पक्के ठाऊक असतात. पहिला मार्ग बदनामीचा. तो फसला की दुसरा मार्ग गौरवाचा. माणसाचा फोटो भिंतीवर लावायचा, त्याला हार घालायचा आणि त्याचा विचार त्याच फोटोमागे गाडून टाकायचा. बाबासाहेबांच्या बाबतीत हे दोन्ही प्रयोग झालेले आपण पाहिले आहेत. अमेरिकेतील हेलन केलर यांच्या वाट्यालाही हे दोन्ही प्रयोग आले. त्यांच्यावरचा दुसरा प्रयोग तर इतका यशस्वी झाला की आज जगातल्या शाळाशाळांतून त्यांचे नाव माहीत आहे, पण त्यांनी काय म्हटले ते बहुतेकांना माहीत नाही.

आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट एवढीच. एक आंधळी, बहिरी मुलगी होती. तिला एक प्रेमळ शिक्षिका भेटली. शिक्षिकेने तिचा एक हात पंपाच्या पाण्याखाली धरला, दुसऱ्या हातावर बोटांनी पाणी हा शब्द लिहिला आणि मुलीच्या डोक्यात प्रकाश पडला. गोष्ट संपली. २००५ साली आलेला ‘ब्लॅक’ हा हिंदी चित्रपटही याच गोष्टीवरून सुचलेला. पंपाचा तो दिवस ५ एप्रिल १८८७. हेलन तेव्हा सात वर्षांचीही नव्हती. त्यानंतर ती ८१ वर्षे जगली. त्या ८१ वर्षांचे काय झाले? ती गोष्टीतून का गाळली गेली? आंदोलनाच्या वाचकाने विचारायला हवा तो प्रश्न हा आहे.

हेलन केलर यांचा जन्म २७ जून १८८० रोजी अलाबामा राज्यातील टस्कंबिया या गावी झाला. त्याच्या सातच वर्षे आधी, १८७३ साली, महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला होता. हेलनचे घराणे मात्र त्या लढाईत दुसऱ्या बाजूला होते. वडील आर्थर केलर हे गुलामगिरी टिकविण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या सैन्यात कॅप्टन, तर आईचे वडील त्याच सैन्यात सेनानी. घराण्यात पूर्वी गुलाम बाळगलेले. एकोणीस महिन्यांची असताना हेलनला कसलासा तीव्र ताप आला आणि त्यात तिची दृष्टी व श्रवणशक्ती कायमची गेली. ही मुलगी शिकू शकेल काय, याविषयी नातलगांनाच शंका होती.

येथे एक पात्र भेटते, ज्याला पाठ्यपुस्तकात जागा नाही. केलरांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या काळ्या बाईची मुलगी, मार्था वॉशिंग्टन. हेलनपेक्षा थोडी मोठी. हेलनने आपल्या गरजेपुरत्या हाताच्या खुणा तयार केल्या होत्या. पुढेपुढे त्या साठाच्या आसपास गेल्या. भाकरी हवी असली की कापून लोणी लावल्याची खूण, थंडी वाजली की कुडकुडल्याची खूण. या खुणा मार्थाला समजत. दोघी कोंबड्यांना दाणे टाकीत, अंडी शोधीत, स्वयंपाकघरात लुडबुड करीत. जिच्याशी बोलता येत नाही असे मोठी माणसे समजत होती, तिच्याशी ही काळी पोर रोज बोलत होती! म्हणजे हेलन केलरच्या संवादाची सुरुवात पंपापाशी झालीच नाही. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आधीच झाली होती. आणि त्याच वेळी ही अपंग मुलगी त्या काळ्या मुलीवर हुकमत गाजवीत होती, हेही खरे. मार्था मुकाट्याने ऐकून घेई. आपण तिच्यावर जुलूम करीत होतो हे हेलन केलर यांनी पुढे आत्मचरित्रात लपविले नाही. एक अन्याय सोसणारा माणूस दुसऱ्यावर अन्याय करू शकतो. उतरंडीचे हे शास्त्र बाबासाहेबांनी आपल्याला जातीच्या संदर्भात शिकविले आहे. ते टस्कंबियाच्या अंगणातही तसेच लागू होते.

शिक्षिका अ‍ॅन सुलिव्हन ३ मार्च १८८७ रोजी टस्कंबियाला आली तेव्हा वीस वर्षांची होती. तीही सुखवस्तू घरातून आलेली नव्हती. पोट भरण्यासाठी आयर्लंडहून आलेल्या अडाणी, कंगाल कुटुंबातली ती मुलगी. डोळ्यांच्या खुपऱ्यांनी तिची दृष्टी जवळजवळ गेलेली. आई मेली, बाप टाकून गेला. १८७६ साली तिला आणि तिच्या धाकट्या भावाला मॅसॅच्युसेट्समधील ट्यूक्सबरी येथील सरकारी गरीबखान्यात टाकण्यात आले. भाऊ काही महिन्यांतच तेथे मेला. गरीबखान्याची तपासणी करायला अधिकारी आले तेव्हा या पोरीने त्यांच्यापुढे जाऊन आपल्याला शाळेत जायचे आहे असे सांगितले आणि १८८० साली ती बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत पोचली. सहा वर्षांनी ती वर्गात पहिली आली. शिक्षणासाठी हात पसरणे आणि शिक्षण हक्काने मागणे यातला फरक आपल्या वाचकांना सांगायला नको.

अ‍ॅनने हेलनच्या तळहातावर जी बोटांची लिपी लिहिली, ती तिला पर्किन्समध्ये लॉरा ब्रिजमन यांच्या सहवासात अवगत झाली होती. लॉरा याही अंध आणि बहिऱ्या. १८३७ साली त्या शाळेत आल्या आणि इंग्रजी भाषा शिकलेल्या पहिल्या अंध-बधिर व्यक्ती म्हणून ओळखल्या गेल्या. म्हणजे हेलनच्या हातावर उतरलेले ज्ञान हे धडधाकट माणसाच्या दयेतून आलेले नव्हते. ते एका अंध-बधिर बाईच्या अनुभवातून, एका अधू डोळ्यांच्या गरीब मुलीच्या मार्फत आलेले होते. ही परंपरा अपंगांची स्वतःची परंपरा आहे. चमत्काराच्या गोष्टीत मात्र परंपरा पुसली जाते आणि एक दाता व एक याचक एवढेच उरतात.

मुलगी शिकली, लिहू लागली आणि लगेच तिच्यावर संशय घेतला गेला. अकरा वर्षांच्या हेलनने एक छोटी गोष्ट लिहून पर्किन्सचे संचालक मायकेल अनाग्नोस यांना वाढदिवसाची भेट म्हणून पाठविली. त्यांनी ती कौतुकाने छापली. पुढे लक्षात आले की मार्गारेट कॅनबी या लेखिकेच्या एका गोष्टीशी ती फार मिळतीजुळती आहे. कधीतरी हातावर वाचून दाखविलेली गोष्ट मुलीच्या मनात राहून गेली होती. १८९२ साली शाळेच्या आठ जणांचे चौकशी मंडळ बसले. शिक्षिकेला बाहेर काढून या बालिकेची उलटतपासणी झाली. मते समसमान पडली. पण या प्रसंगाने हेलनच्या मनावर कायमची जखम केली. यानंतर काहीही लिहिताना हे वाक्य खरोखर माझेच आहे ना, ही भीती तिला छळीत राहिली. डोळस मुले शेकडो गोष्टी ऐकतात आणि नकळत उचलतात, त्यांच्यासाठी चौकशी मंडळ बसत नाही. आपल्या मुलांनी गुण मिळविले की पेपर कोणी लिहून दिला असे विचारणारे लोक याच कुळातले.

तरीही ती थांबली नाही. १९०० साली तिने रॅडक्लिफ कॉलेजात प्रवेश घेतला. अ‍ॅन शेजारी बसून प्रत्येक व्याख्यान तिच्या तळहातावर लिहीत असे. १९०३ साली आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, १९०४ साली पदवी मिळाली. कला शाखेची पदवी घेणारी ती जगातील पहिली अंध-बधिर व्यक्ती. इथपर्यंत सारी अमेरिका टाळ्या वाजवीत होती.

टाळ्या थांबल्या त्या पुढे. पदवीनंतर हेलन केलर यांनी अंधत्वाचा अभ्यास सुरू केला आणि एक साधा प्रश्न विचारला: माणसे आंधळी होतात कशाने? उत्तर शोधताना त्यांना आढळले की अंधत्व हे आकाशातून पडत नाही. कारखान्यात सुरक्षेची साधने नसल्याने कामगारांचे डोळे जातात, कारण साधनांवर खर्च केला तर मालकाचा नफा घटतो. दाट वस्तीतील घाण आणि उपासमार डोळे खाते. नवजात बालकांच्या अंधत्वाचे एक मोठे कारण आईला झालेला गुप्तरोग हे होते. तो रोग बाहेरख्याली नवऱ्याकडून आईकडे आणि आईकडून बाळाकडे येई. जन्मताच डोळ्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घातला तर हे अंधत्व टळत असे. पण सभ्य घरात या विषयावर बोलणे निषिद्ध होते. हेलन केलर यांनी बायकांच्या घरगुती मासिकातून या विषयावर उघड लिहिले. आजार शरीरात दिसतो, पण त्याचे मूळ समाजरचनेत आहे, या निष्कर्षावर त्या आल्या. जे अस्पृश्यतेबाबत बाबासाहेबांनी सिद्ध केले, त्याच जातीचे हे निदान होते. दोष माणसात नाही, रचनेत आहे.

या निदानातूनच त्या १९०९ साली समाजवादी पक्षात गेल्या. १९१२ साली लॉरेन्स येथील कापड गिरण्यांतील कामगारांच्या संपाला त्यांनी पाठिंबा दिला. स्त्रियांच्या मताधिकारासाठी त्या लढल्या, जानेवारी १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्यांनी महायुद्धाविरुद्ध भाषण केले, १९२० साली नागरी स्वातंत्र्यासाठी स्थापन झालेल्या अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनच्या संस्थापकांत त्या होत्या. १९१९ साली त्यांच्याच जीवनावरील चित्रपट प्रदर्शित झाला, त्यावेळी नटांचा संप चालू होता. त्या स्वतःच्या चित्रपटाच्या पहिल्या खेळाला गेल्या नाहीत, संपकऱ्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. १९३३ साली नाझी विद्यार्थ्यांनी जी पुस्तके जाळली त्यांत त्यांचेही लेखन होते.

समाजवादी झाल्याबरोबर वृत्तपत्रांचा सूर पालटला. ब्रुकलिन ईगल या दैनिकाच्या संपादकाने पूर्वी त्यांच्या बुद्धिमत्तेची तोंड भरून स्तुती केली होती. त्याच संपादकाने आता लिहिले की त्यांच्या चुका या त्यांच्या शारीरिक मर्यादांतून आलेल्या आहेत. बाई बिचारी आंधळी-बहिरी, तिला काय कळणार, कोणीतरी तिला भरीस घातले असणार, असा त्याचा अर्थ. हेलन केलर यांनी त्याला जाहीर उत्तर दिले आणि सामाजिकदृष्ट्या आंधळा व बहिरा कोण, हे त्याच्याच वृत्तपत्राला दाखवून दिले. हा प्रसंग अपंगांविषयीच्या पूर्वग्रहाचा पूर्ण धडा आहे. अपंग माणूस धीराने दुःख सोसतो तोवर तो थोर. तो व्यवस्थेवर बोलू लागला की त्याचे अपंगत्व त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडले जाते.

१९१६ साली त्यांनी काळ्या नागरिकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेला शंभर डॉलर आणि पाठिंब्याचे पत्र पाठविले. संघटनेच्या ‘क्रायसिस’ या मासिकात ते छापले गेले. मासिकाचे संपादक होते डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस. अलाबामातील सेल्मा या गावच्या गोऱ्या वृत्तपत्राने यावरून केलर यांच्यावर टीकेची झोड उठविली. नातलगांना तोंड दाखवणे कठीण झाले. गुलाम बाळगणाऱ्या घराण्यातली, मार्थावर हुकमत गाजविलेली मुलगी इथपर्यंत आली होती. बाबासाहेब त्या वर्षीच्या उन्हाळ्यापर्यंत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. पुढे १९४६ साली त्यांनी याच डु बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि निग्रो यांच्या प्रश्नांतील साम्य मांडले. हेलन केलर आणि आपली चळवळ यांच्यामध्ये हा एक धागा आहे.

त्याच १९१६ साली त्यांच्या खासगी आयुष्यावर घाला आला. पीटर फॅगन हा तरुण काही काळ त्यांचा सचिव म्हणून काम करीत होता. दोघांनी लग्न ठरविले, परवान्यासाठी अर्जही केला. वर्तमानपत्रात बातमी फुटली आणि आई व घरच्यांनी ते लग्न मोडले. हेलन केलर तेव्हा ३६ वर्षांच्या, पदवीधर, जगप्रसिद्ध लेखिका. पण अपंग बाईने लग्न करू नये, तिला संसार झेपणार नाही, हा निर्णय तिच्यावर प्रेम करणाऱ्यांनीच घेतला. पूर्वग्रह नेहमी शत्रूच्या घरात राहतो असे नाही. तो मायेच्या पदराखालीही राहतो.

आणि तो खुद्द हेलन केलर यांच्या मनातही होता. १९१५ च्या नोव्हेंबरात शिकागोच्या एका डॉक्टराने जन्मतःच व्यंग असलेल्या बाळावर शस्त्रक्रिया करायला नकार दिला आणि ते बाळ मेले. देशभर वाद पेटला. हेलन केलर यांनी डिसेंबरात ‘न्यू रिपब्लिक’ साप्ताहिकात डॉक्टराची बाजू घेतली. ज्या बाळाच्या बुद्धीची वाढ होणार नाही त्याला जगविण्याचा आग्रह धरू नये, निर्णय तज्ज्ञ डॉक्टरांच्या पंचमंडळाने करावा, असे त्यांचे म्हणणे होते. असे मंडळ १८८२ साली टस्कंबियात बसले असते तर काय निकाल दिला असता? नातलगांनी तर शंका आधीच घेतली होती. सुप्रजननशास्त्राचा तो जमाना होता. कोणी जन्मावे आणि कोणी जन्मू नये हे ठरवू पाहणारे लोक स्वतःला पुरोगामी म्हणवीत. हेलन केलर यांचे स्नेही अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८३ सालीच बहिऱ्यांनी बहिऱ्यांशी लग्ने करण्याविरुद्ध निबंध मांडला होता आणि खुणांच्या भाषेला त्यांचा विरोध होता. त्या वाऱ्यात हेलन केलरही वाहवल्या. डोळे गेलेल्यांवरचा अन्याय त्यांना दिसला, बुद्धीने मागे पडलेल्यांवरचा दिसला नाही. पुढे १९३८ साली शिकागोतच डोळ्यांत गाठ झालेल्या एका बालिकेचा प्रश्न आला. डोळे काढले तर ती जगणार होती. तेव्हा त्यांनी तिला जगविण्याच्या बाजूने आवाज दिला. थोर माणसाचा दोष झाकण्यापेक्षा तो समोर ठेवणे हेच प्रबोधन. हेलन केलर यांच्याकडून शिकायचे ते त्यांच्या चुकीसकट.

पुढची कहाणी पोटाच्या प्रश्नाची आहे. भाषणांवर भागेना म्हणून १९२० पासून काही वर्षे त्या आणि अ‍ॅन नाटकगृहांतून करमणुकीच्या खेळात उभ्या राहिल्या. १९२४ पासून अमेरिकन फाउंडेशन फॉर द ब्लाइंड या संस्थेचे काम सुरू झाले. संस्थेला धनिकांच्या देणग्या हव्या होत्या, म्हणून क्रांतीची भाषा मंदावली. पण काम मोठे झाले. अंधांसाठी पुस्तके, अंधांसाठी सरकारी मदत, १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात अंधांचा समावेश, यासाठी त्या झटल्या. अनेक देश त्यांनी पालथे घातले. १९४८ साली त्या हिरोशिमा-नागासाकीला गेल्या, १९५५ साली भारतात आल्या. अ‍ॅन १९३६ साली गेल्या होत्या. १ जून १९६८ रोजी हेलन केलर यांचे निधन झाले. तोपर्यंत जगाने त्यांना पुन्हा पंपापाशी नेऊन उभे केले होते.

आता आपल्याकडे वळू. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जी मनुस्मृती जाळली गेली, तिच्या नवव्या अध्यायात जन्मांध, बहिरे, मुके, वेडे आणि इंद्रियहीन यांना वडिलोपार्जित संपत्तीतला वाटा नाकारला आहे. अकराव्या अध्यायात तर अशी माणसे पूर्वीच्या पापाच्या शिल्लक अंशामुळे जन्मतात असे सांगितले आहे. शूद्राचे शूद्रत्व आणि अपंगाचे अपंगत्व यांना एकच कारण दिले गेले, मागच्या जन्मीचे कर्म! वारसाहक्कातील ही बंदी १९२८ च्या कायद्याने बरीचशी उठली, पण जन्मतः मनोरुग्ण वा मतिमंद असलेल्यांसाठी ती १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापर्यंत राहिली. म्हणजे महाडची आग अपंगांसाठीही होती. हे आपण कधी सांगितले का? मागच्या जन्मीच्या कर्माचा सिद्धांत बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात नाकारला. तरीही बौद्ध वस्तीत अपंग मूल जन्मले की कुणाचे पाप फेडायला आले, असे पुटपुटणारे तोंड असते. ते तोंड मनूचे आहे, घर फक्त आपले आहे.

नावाचेही तसेच. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी अपंगांना ‘दिव्यांग’ म्हणावे असे सुचविले. अपंगांच्या अनेक संघटनांनी विरोध केला. दिव्यत्व नको, हक्क हवेत, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याला हे लगेच समजायला हवे. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत ‘हरिजन’ हा शब्द कायद्यात घालण्यास विरोध करून बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह सभात्याग करून गेले होते. देवाचे लेकरू म्हणायचे आणि विहिरीला शिवू द्यायचे नाही, ही युक्ती आपण ओळखली. दिव्य म्हणायचे आणि कचेरीच्या दाराशी उतार बांधायचा नाही, ही युक्ती वेगळी कशी?

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले. एकूण लोकसंख्येत हे प्रमाण २.२१ टक्के, अनुसूचित जातींमध्ये २.४५ टक्के. हेलन केलर यांचा प्रश्न येथे जसाच्या तसा विचारावा लागतो: आपल्यात ते जास्त का? उपासमार, धोक्याची कामे, वेळेवर न मिळालेला दवाखाना. १९९५ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत तीन टक्के आरक्षण दिले, २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य करून ते किमान चार टक्के केले. या आरक्षणाची पदे भरली जातात काय, हा प्रश्न आपल्या निवेदनांत कितीदा असतो? दलित असणे आणि अपंग असणे हे दोन्ही एकाच अंगावर झेलणाऱ्या माणसाला आपण कोणत्या रांगेत उभे केले आहे?

आधी आपले घर तपासू. आपल्या विहाराला किती पायऱ्या आहेत आणि चाकाची खुर्ची वर कशी जाईल? जयंतीच्या मंचावर अपंगाला शाल देतो, पण जयंतीच्या समितीत घेतो का? बहिऱ्या तरुणाला भाषण समजावे म्हणून खुणांच्या भाषेचा जाणकार मंचाजवळ उभा करतो का? सरकारला आंधळे, समाजाला बहिरा, विचाराला पांगळा म्हणून आपण लिहितो-बोलतो. हे शब्द शिवी म्हणून वापरताना समोर बसलेल्या अंध श्रोत्याला काय वाटत असेल? जातीचे नाव शिवी म्हणून वापरले की काय वाटते हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, त्यांना हे वेगळे शिकवावे लागू नये. अपंग मुलीच्या लग्नाचा विषय निघाला की आपणही हेलन केलरच्या घरच्यांसारखेच मान हलवतो की नाही?

याला उपाय अवघड नाही. विचारायचे आणि ऐकायचे. अपंगाला काय हवे हे त्याच्या वतीने ठरवायचे नाही. अस्पृश्यांचे प्रश्न अस्पृश्यांनीच मांडले पाहिजेत, हा आग्रह बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेत धरला होता. तोच आग्रह अपंगांचा आहे. आपल्या बैठकीत अपंग कार्यकर्ता बोलू लागला आणि त्याने आपलीच चूक दाखविली, तर ब्रुकलिनच्या संपादकासारखे वागायचे की त्याचे म्हणणे नोंदवून घ्यायचे, हे आपल्या हातात आहे.

हेलन केलर यांना पंपापासून सोडवून त्यांच्या पुढच्या ८१ वर्षांत नेणे हे काम पाठ्यपुस्तके करणार नाहीत. ते चळवळीच्या वाचकाचे काम आहे. त्यांच्याबरोबर मार्था वॉशिंग्टनलाही घ्यावे. पहिली भाषा तिला समजली होती.